चांगल्या माणसाकडे मागणं

लॉन्ड्रीत खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. यंत्रांच्या घरघरीत लांबलचक नाव पोचायचंच नाही, म्हणून ज्याला त्याला एक आखूड नाव चिकटलेलं. तिला चिकटलं चिमणी. अंगानं एवढीशी आणि तोंडाला विसावा नाही. तिच्या जोडीला जी बाई होती ती इतकी उंच, की तिला सगळे शिडी म्हणत. या दोघींना एका यंत्रावर कुणी उभं केलं देव जाणे, पण केलं, आणि त्यांचं असं जमलं की विचारायची सोय नाही.

यंत्राचं नाव मोठी इस्त्री. आतून वाफेनं तापलेले, पलंगाहून लांब असे लोखंडी रोलर. दोघींनी ओल्या चादरीचं एकेक टोक धरायचं, कड ताणून सरळ करायची आणि रोलरच्या तोंडाशी द्यायची. पलीकडून चादर कोरडी, गुळगुळीत होऊन यायची. चिमणीच्या पायाखाली लाकडी खोकं असे, नाहीतर चादर तिच्या बाजूला कलायची आणि तिरकी जायची. चादरी दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या. त्यावरचे न गेलेले डाग बघून दोघी गोष्टी रचत. हा चहा सांडणारा पाहुणा नक्की बायकोला घाबरून पळून आलेला आहे, असं चिमणी म्हणायची, आणि शिडी अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायची की नाही, बायकोच पळालीय, हा एकटाच चहा करायला शिकतोय. थंडीच्या सकाळी बाकीच्या बाया कामाच्या आधीच येऊन त्यांच्या यंत्राशी केस वाळवत उभ्या राहत. चिमणीला पुढे आयुष्यात सुखाचे दिवस पुष्कळ आले, पण सुख म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर त्या वाफाळलेल्या सकाळीच येत.

मालकांना सगळे काका म्हणत. माणूस खरंच काकासारखा होता. कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः चौकशी करायचा. चिमणीची आई गेली तेव्हा दारात सगळ्यांच्या आधी काकाच येऊन उभे होते. तिला ते ‘चिमणे’ म्हणत, आणि ते ऐकायला तिला फार आवडे.

रोलरच्या तोंडासमोर एक आडवी दांडी होती. हात चुकून पुढे गेला, की दांडीला लागायचा आणि यंत्र थांबायचं. पण दांडी जुनी झाली, तशी चादरीची जाड कड लागली तरी यंत्र थांबू लागलं. काम तुंबायचं. मुकादमानं एक दिवस ती तारेनं वर बांधून टाकायला लावली. दुरुस्तीवाला येईपर्यंत, म्हणाला. दुरुस्तीवाला काही आला नाही. सगळ्यांना तार दिसत होती, आणि हळूहळू कुणालाच दिसेनाशी झाली.

आणि मग एका दुपारी चादरीची कड दुमडली, ती सरळ करायला चिमणीनं हात पुढे नेला आणि चादरीबरोबर हातही आत गेला. शिडीनं धावत जाऊन यंत्र बंद केलं, तोवर उजव्या हाताची बोटं चेपली होती, भाजली होती. पुढचं तिला तुटक तुटक आठवे. काकांची गाडी. काकांचा सदरा, ज्यावर तिनं डोकं टेकलं होतं.

दवाखान्याचा खर्च काकांनी केला. रोज कुणीतरी फळं आणून देई. सासूबाई म्हणाल्या, असा मालक दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. टाके निघाले, पण तीन बोटं वळेनात. डॉक्टरांनी सांगितलं, हा हात आता यंत्रावर चालणार नाही. त्याच आठवड्यात मुकादम घरी आला. काकांनी तिच्यासाठी काही रक्कम पाठवली होती, आणि सोबत एक कागद. त्यात लिहिलं होतं की अपघात तिच्याच दुर्लक्षामुळे झाला आणि यापुढे तिचं काही मागणं नाही. नुसती रीत आहे, सही करून टाक, असं तो म्हणाला. काकांना वाईट वाटेल असं काही करू नकोस, हेही म्हणाला.

तिनं सही केली असती. उजव्या हातानं पेन धरता येईना, एवढ्यावरच ते थांबलं. डाव्या हाताचा अंगठा चालेल, असं मुकादम म्हणाला तेव्हा मात्र सासूबाई मधे पडल्या. मुलगा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, तो आल्याशिवाय आमच्या घरात कागदाला कुणी हात लावत नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. वास्तविक त्या घरात मुलाला विचारून आजवर काहीही झालं नव्हतं.

मुकादम गेल्यावर म्हातारीनं दाराला कडी घातली. मग म्हणाली, “जो माणूस फळं पाठवतो, त्याला कागद कशाला लागतो गं? एकदा कुणाला तरी विचार. विचारल्यानं काय कुणाची जीभ झडते?”

पट्टी बदलणाऱ्या नर्सनं एका वकीलबाईंचा पत्ता दिला. चपला शिवणाऱ्याच्या दुकानावर त्यांची खोली होती. खालून हातोडीची ठकठक यायची आणि टेबलावरचा चहाचा कप थरथरायचा. बाईंना सर्दी झाली होती. नाक पुसत पुसत त्यांनी सगळं ऐकलं आणि मोजकंच विचारलं. कामावर होतीस का? कामाच्या वेळेत? त्यांच्याच यंत्रावर? मग त्यांनी समजावलं. कामावर झालेल्या इजेची भरपाई हा उपकार नसतो, हक्क असतो. तुझा हात पुढे गेला ही थोडी चूक धरली, तरी हक्क बुडत नाही, कारण हात चुकणार हे गृहीत धरूनच ती दांडी लावलेली असते. यंत्र सुरक्षित ठेवणं हे मालकाचं काम. दवाखान्याचे कागद नीट ठेव, कुणी पाहिलं ते सांग, आणि वर्ष वर्ष घरी बसू नकोस, या गोष्टींना मुदत असते. तोवर कशावरही अंगठा नाही.

चिमणी सगळं ऐकून रडवेली झाली. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे, हे तिच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं.

“पण काका चांगले आहेत हो,” ती म्हणाली.

“असतील ना,” बाई म्हणाल्या. “चांगल्या माणसाकडेही मागता येतं. हक्क फक्त वाईट माणसाकडेच मागायचा, असं कायद्यात कुठं लिहिलंय?”

साक्षीला शिडी हवी होती. पण शिडी अपघातानंतर एकदाच दवाखान्यात येऊन गेली होती, आणि तेव्हाही दारातूनच. चिमणी तिच्या घरी गेली. शिडी कपडे वाळत घालत होती. मैत्रिणीला बघून तिनं ओला टॉवेल तसाच छातीशी धरला. चिमणीनं काही विचारायच्या आतच ती बोलली.

“तार मी बांधली होती. मुकादमाचा हात पुरत नव्हता, म्हणून मला म्हणाला. तुझा हात माझ्यामुळे गेला.”

इतके दिवस ती तोंडात मूग गिळून बसली होती ती यामुळे. आपल्याला तुरुंगात टाकतील असंही तिला वाटत होतं. चिमणीला त्या क्षणी राग आला, हे खरं. ती ओट्यावर बसून राहिली. मग तिच्या मनात आलं, तार रोज आपल्याही डोळ्यांसमोर होती. आपण कुठं सोडली? तिनं शिडीच्या हातातला टॉवेल घेतला, एका हातानं कसाबसा दोरीवर टाकला आणि म्हणाली, “चल, त्या बाईंना विचारू तुरुंगाचं. आपल्याला काय कळतंय?”

वकीलबाईंनी शिडीलाही समजावलं. मुकादमाच्या हुकमानं केलेल्या कामाचा जाब हुकूम देणाऱ्यानं द्यायचा असतो. मात्र साक्ष दिल्यावर लॉन्ड्रीत त्रास होऊ शकतो, हे त्यांनी लपवलं नाही. शिडीनं खूप विचार केला. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

सुनावणी लहानशा खोलीत झाली. काका खाली बघत बसले होते. त्यांच्या वकिलानं शिडीला विचारलं, ही बाई काम करताना सतत बडबड करायची, तिचं लक्ष नसायचं, खरं की नाही?

शिडी म्हणाली, “साहेब, बडबड तर ती पहिल्या दिवसापासून करायची. तेव्हा दांडी जागेवर होती. एकदाही लागलं नाही.”

खोलीत कुणीतरी हसलं. चिमणीनं पाहिलं, काकांच्याही ओठांवर क्षणभर हसू आलं आणि विझलं. त्या हसण्यात तिला पुन्हा ‘चिमणे’ म्हणणारे काका दिसले. इतका वेळ ती त्यांच्याकडे मालक म्हणून बघायचा प्रयत्न करत होती.

निकाल तिच्या बाजूनं लागला. भरपाई मिळाली, शिवाय झेपेल असं काम परत द्यायचं ठरलं. दांडी दुरुस्त झाली. मुकादमानं शिडीला मळक्या कपड्यांच्या ढिगावर बसवलं. ती नाकाला फडकं बांधून वर्षभर तिथं टिकली, मग दुसरीकडे चांगली नोकरी बघून गेली. चिमणी पुढच्या खिडकीत बसून गिऱ्हाइकांच्या कपड्यांना चिठ्ठ्या लावू लागली. काका जाता येता तिची विचारपूस करत, पण आता ते तिला ‘बाई’ म्हणत. हात गेल्याचं दुःख तिनं बोलून दाखवलं, रडून मोकळी झाली. या एका शब्दाचं मात्र कुणापाशी बोलता आलं नाही. बोलणार तरी काय? हक्क मिळाला, आणि काका गेले, असं?

वर्षं गेली. काका थकले, मुलांनी लॉन्ड्री बंद करून जागा विकली. एक दिवस चिमणीला कळलं की काका अंथरुणाला खिळले आहेत. जावं की नाही या विचारात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शिडीनंच तिला हाताला धरून नेलं, आणि स्वतः मात्र जिन्याशीच थांबली.

काकांच्या लेकीनं दार उघडलं. खिडकीजवळच्या पलंगावर ते उशीला टेकून बसले होते. त्यांनी तिला ओळखलं. बस म्हणाले. मग तिचा उजवा हात मागितला आणि ती न वळणारी बोटं आपल्या हातात घेऊन बघत राहिले.

“तू मागितलंस ते बरं केलंस,” ते म्हणाले. “मी आपणहून दिलं नसतं. मला वाटायचं, मी चांगला आहे एवढं पुरे.”

तिनं मानेनंच हो म्हटलं. मग तिनं खाली हाक मारून शिडीला वर बोलावलं. लेकीनं चहा ठेवला. काकांनी एकेकीची चौकशी केली, कोण कुठं आहे, कुणाची मुलं काय करतात. काही जणी गेल्या होत्या, ते दोघींनी सांगितलं नाही. बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. आता निघावं, असं शिडीनं खुणेनं सांगितलं, पण चिमणी उठली नाही. संध्याकाळचं ऊन पलंगावरून सरकून भिंतीवर गेलं, तरी ती आपला हात त्यांच्या हातात तसाच ठेवून बसून राहिली.