कसर लागलेली हिरवी साडी

मित्रांनो, मी एक जुनी साडी आहे. जुनी, पण आजवर एकदाही कुणी न नेसलेली. आता मी ललिताच्या अंगावर आहे आणि माझ्याजवळ वेळ थोडा आहे, म्हणून घाईने सांगते.

यंत्रमागावरून उतरले तेव्हा मी हिरवीगार होते, काठाला जर होती. कर्जतच्या बाजारात ललिताच्या धाकट्या भावाने, गजाने, मला पसंत केलं. दुसऱ्या दिवशी तो कामासाठी मस्कतला निघायचा होता. आईवडील गेल्यावर ललितानेच त्याला वाढवलं होतं. खालापूरजवळच्या तिच्या सासरी येऊन त्याने मला तिच्या हातात ठेवलं. तिने मला गालाला लावलं, सगळ्या आळीला दाखवलं.

"येवढी भारी साडी रोज कशाला नेसू? तू येशील तवा भाऊबीजेला नेसंन," ती म्हणाली आणि मला पेटीत ठेवलं.

चार भाऊबिजा गेल्या. गजाला सुट्टी मिळाली नाही. एकदा मिळाली, तेव्हा तो जादा कामावर राहिला. मी पेटीत कुबट होत गेले. दमट हवेने मला कसर लागली. वर्षातून एकदा ऊन दाखवलं असतं, घडी बदलली असती, तरी मी टिकले असते. पण मी फार मोलाची होते ना, म्हणून मला कुणी हातच लावला नाही.

यंदा ललिताला कावीळ झाली. गजाचा फोन आला की पिवळे डोळे दिसू नयेत म्हणून ती उजेडाकडे पाठ करून बसायची. तिकडे पोराच्या जिवाला घोर नको, म्हणून तिने घरातल्या सगळ्यांना शपथ घातली होती. आज पहाटे ती गेली. तिचा आजार आणि तिचं जाणं गजाला एकाच फोनवर कळलं.

दोन दिवस थांबा म्हणून तो भाऊजींच्या, ललिताच्या नवऱ्याच्या, विनवण्या करत राहिला. पण पासपोर्ट कंपनीच्या कचेरीत, आणि विमान परवाचं. तोवर देह ठेवता येणार नाही, असं जाणत्यांनी ठरवलं.

आमच्याकडे बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. ललिताचं माहेर म्हणजे एकटा गजा. मग तिच्याच माहेरगावची लेक म्हणून शेजारच्या इंदूबाईला पुढे केलं.

"मावशे, दुकानातली नको," गजा फोनवरून म्हणाला. "पेटीत माझी हिरवी हाय, ती घाल. माझ्या हातानं घातली आसं समज."

इंदूबाईने मला उलगडलं आणि मी प्रत्येक घडीवर फाटले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिने फाटकी बाजू भराभर देहाखाली दाबली.

"नीट बसली का गं? काठ दिसू दे जरा."

"लई नीट बसली, बाबा," इंदूबाई म्हणाली आणि तिने फोन ललिताच्या चेहऱ्याकडे वळवला.

मित्रांनो, प्रेमाने दिलेली वस्तू वापरा हो. आणि दूरच्या माणसापासून आजार लपवू नका. त्याला निघायला वेळ लागतो.

तिरडी उचलली. बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून त्या अंगणातच थांबल्या, आणि फोन इंदूबाईच्या हातात राहिला.

"मला बी न्या रं कुनीतरी," त्यातून गजा म्हणत होता. "भाऊ हाय मी तिचा."

तिरडी निघाल्यावर मागे वळायचं नसतं. कुणीच वळलं नाही.