तपासनिसाचं पाणी

टक्.

तासभर मांडीवर झुलवून बाळाचे डोळे नुकते मिटले होते. घरात कसलाच आवाज नव्हता, मी श्वाससुद्धा बेताने घेत होते. आणि तपासनिसाने तळातला एक खडा तोंडात धरून काचेवर भिरकावला.

टक्. टक्.

बाळ दचकले आणि त्याने भोकाड पसरले.

"मेल्या, तुला दुसरा उद्योग नाही का रे?" मी टाकीवर चापट मारली. तो पळाला नाही. तो कधीच पळत नाही. कल्ले फुगवून, काचेला तोंड लावून उभा राहिला. वीतभरही नसलेला सिक्लिड जातीचा मासा. अंगावर काळे पट्टे, कपाळावर टेंगूळ. टाकीत एकटाच. चार वर्षांच्या आमच्या लेकीने, आन-आनने, हट्टाने आणलेले सहा निळे मासे त्याने दोन दिवसांत संपवले होते.

नाव सासऱ्यांनी ठेवलेले. तैवानमधल्या ताइनान शहरात एकतीस वर्षे त्यांनी बस चालवली. "बघ, कसा एकेकाला निरखतो," म्हणायचे. "याला तिकीट दाखवल्याशिवाय आत हात घालायचा नाही." त्यांच्या बोटांतून मात्र तो मुकाट दाणे घ्यायचा. घरात कुणाशी चार वाक्ये न बोलणारा हा माणूस रोज सकाळी टाकीपाशी स्टूल घेऊन बसायचा आणि कुठल्या स्टॉपवर कोण चढायचं, कोण सुटे पैसे नाहीत म्हणून भांडायचं, ते माशाला सांगायचा. थंडी पडली की आधी टाकीतला हीटर बघायचा, मग स्वतःचा स्वेटर शोधायचा.

"अठ्ठावीस अंश," मला बजावायचे. "उष्ण देशातला जीव आहे. पाणी गार झालं की संपला. लक्षात ठेव, बाकी कुणी ठेवणार नाही."

ते गेले तेव्हा मला सातवा महिना होता. पोटुशीने प्रेताजवळ जायचे नसते, म्हणून सगळे अंत्यविधीला गेले आणि मी घरी राहिले. त्या दिवशी तपासनिसाला दाणे मी टाकले. माझ्या वाट्याला तेवढेच आले.

आता बाळंत होऊन तेवीस दिवस झाले होते. महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही, केस धुवायचे नाहीत, गार पाण्याला शिवायचे नाही. नवरा मालवाहू जहाजावर, एप्रिलपर्यंत यायचा नाही. आणि टाकीतले पाणी तर दर आठवड्याला बदलावे लागते.

"आई, ते पाणी गार नाहीये. माझ्या अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट आहे," मी सांगून पाहिले होते.

"पाणी ते पाणी. पन्नाशीत सांधे धरले की मलाच शिव्या देशील," म्हणून सासूबाईंनी स्वतःच बाह्या सारल्या होत्या. तपासनिसाने त्यांचे बोट धरले. रक्त आले.

बाळाचे रडणे ऐकून त्या आता तिळाच्या तेलातल्या कोंबडीचा वाडगा घेऊन आल्या. बोटाला अजून पट्टी होती.

"परत यानेच उठवलं ना? चाळीस वर्षं नवऱ्याची मर्जी सांभाळली, आता त्याच्या माशाचीही सांभाळू?" वाडगा त्यांनी माझ्यापुढे आदळला. "उद्या यांचा शंभरावा दिवस. देवळामागच्या तळ्यात लोक मासे सोडतात, कासवं सोडतात. मीही याला सोडून येते. यांच्या नावाने पुण्य लागेल, तुलाही झोप मिळेल."

ते तळे मला माहीत होते. उघडे, वाऱ्यावरचे. डिसेंबर चालू होता. सांगायला एक वाक्य पुरले असते, आणि ते मला पाठ होते.

टक्.

बाळाने नव्याने सूर लावला. माझे डोके तेवीस दिवसांच्या तेलाने खाजत होते, दुलई दुधाने ओली झाली होती.

"न्या," मी म्हणाले. "खरंच न्या त्याला."

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या स्कूटरवर, मांडीत झाकणाची बादली धरून त्या गेल्या. मी खिडकीतून पाहिले. बादलीच्या झाकणावर त्यांनी दोन्ही हात दाबून धरले होते.

परत आल्या त्या हसतच. "अग, पाण्यात पडल्या पडल्या एका कासवाला ढुशी दिली! एवढं ताटाएवढं कासव! हात जोडून उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या की काय सांगू. मी म्हटलं, माझा नाही, नवऱ्याचा आहे." मग त्यांनी बाहीने डोळे पुसले. "कसा तरतरीत गेला ग."

बाळ त्या दुपारी सलग तीन तास झोपले. मला झोप लागली नाही. डोळा लागतो न लागतो तोच मी खडा वाजायची वाट पाहत राहायचे.

संध्याकाळच्या बातम्यांत सांगितले, उत्तरेकडून थंडीची लाट येते आहे. पहाटेपर्यंत आठ अंश.

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"तळं खोल आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "आहे ना ग खोल?"

मी बाळाची टोपी कानांवर ओढली. "असेल, आई."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला, पण भांड्यांचा आला नाही.

टाकीतला हीटर काढायचे कुणालाच सुचले नव्हते. त्याचा लाल ठिपका तेवढा पेटलेला होता. आन-आन आजोबांच्या स्टुलावर चढली, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात सोडला. सासरे सोडले तर या घरात आजवर इतक्या निर्धास्तपणे कुणी तिथे हात घातला नव्हता.

"आई, पाणी अजून गरमच आहे," ती म्हणाली. "हे आता कुणासाठी ठेवलंय?"