मोजून केलेली चूक

मी एक झगा आहे. दुकानात हा शब्द उच्चारण्याची सोय नव्हती. तिथे मला 'समर ड्रेस' म्हणत. परंतु बाह्यांच्या जागी दोन भोके, एक गळा आणि गुडघ्याखाली संपणारा सैल घेर, एवढ्या सामग्रीला झगाच म्हणतात. आत्मवृत्तात तरी आपले खरे नाव सांगावे, असे माझे मत आहे.

प्रथम माझ्या किमतीविषयी. तो आकडा मी येथे देणार नाही, कारण वाचकाचा विश्वास मला इतक्या लवकर गमवायचा नाही. शेजारच्या दुकानात तेवढ्याच किमतीला चामड्याचे बूट मिळत आणि ते बूट निदान दहा वर्षे चालत. माझे कापड मात्र इतके विरळ होते की मला अंगावर घालायचे तर आतून आणखी एक अस्तर घ्यावे लागे. त्याला दुकानात 'सोबतचे अस्तर' म्हणत. ते सोबत मिळत मात्र नसे.

माझा जन्म एका लांबट, थंडगार खोलीत झाला. पांढरे कापड यंत्राखालून सरकत होते आणि वरून रंगाचे बारीक फवारे उडत होते. यंत्र कापडाला स्पर्शही करत नव्हते. पाहता पाहता माझ्यावर नारिंगी फुले उमलली आणि प्रत्येक फुलाखाली तीन हिरवी पाने आली. उलट बाजूने मी जसा होतो तसाच, पांढरा राहिलो.

पहिला तुकडा बाहेर आला तेव्हा यंत्रावरचा माणूस म्हणाला, "बाई, हे मधलं पान रेघेच्या बाहेर सरकलंय. नीट करून घेऊ? दोन मिनिटांचं काम आहे."

"अहो, हात लावू नका त्याला!" दुकानाच्या मालकीणबाई जवळजवळ ओरडल्याच. "त्या पानाचेच तर पैसे मिळणार आहेत."

त्यांचे गणित मला पुढे समजले. माझ्या गळ्याशी एक जाड, खरखरीत कागदी पट्टी बांधण्यात आली. तिच्यावर लिहिले होते : 'हातछपाईच्या परंपरेतून. यातील लहानसे दोष हेच याचे सौंदर्य.' हे वाक्य सावकाश वाचावे. मी हाताने छापलेला आहे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. लबाडीलाही व्याकरण असते आणि या पट्टीचे व्याकरण निर्दोष होते.

दुकानात मला एका बिनडोक्याच्या पुतळ्यावर चढवले. त्याचे आणि गिऱ्हाइकांचे चांगले जमत असे. गिऱ्हाइकांची एक रीत माझ्या लक्षात आली : हात कापडावर फिरत असतो, तोंडाने 'छान आहे गं' चालू असते आणि डोळे मात्र किमतीची चिठ्ठी शोधत असतात. एकदा एका बाईंसोबत आलेले त्यांचे यजमान मला बराच वेळ न्याहाळत राहिले.

"खिडकीला होईल," ते शेवटी म्हणाले.

"पडदा नाहीये तो! अंगात घालायचा आहे."

"हो का? मग एवढासा कसा? या किमतीत दोन्ही खिडक्या झाल्या पाहिजेत."

"तुम्ही बाहेर थांबा बरं," बाई म्हणाल्या. मात्र मधले पान दिसताच त्यांचा आवाज मऊ झाला. "बघा, इथं जरा चुकलंय. म्हणजे खरंच हाताचं आहे!" अशा प्रकारे माझी जुळी भावंडे एकामागून एक विकली गेली. लोकांनी आपापल्या अकलेने मला हातछपाईचा ठरवले. पट्टीने केवळ अडवले नाही.

दुकानात काउंटरवर एक मुलगी काम करत असे. तिचे वडील ठशांनी कापड छापणारे कारागीर होते. ज्या कारखान्यात त्यांनी आयुष्य घालवले, तो आठ वर्षांपूर्वी बंद पडला आणि तिथल्या नमुन्यांच्या वह्या भंगाराबरोबर गेल्या. तेव्हापासून ते एका गोदामाच्या फाटकावर बसून आल्यागेल्या मालाच्या पावत्यांवर शिक्के मारत. मुलीने हे सहज बोलता बोलता सांगितले आणि मालकीणबाईंचे डोळे लकाकले.

"अगं, मग त्यांना इथंच बसव की! दारापाशी टेबल टाकू. ते ठसे मारतील, लोक बघतील. पगार देईन मी, फुकट नाही म्हणत."

मुलीला इतका आनंद झाला की तिने मालकीणबाईंना विचारून त्याच संध्याकाळी मला घरी नेले. बाबांना पुन्हा टेबल मिळणार होते, आणि त्यांनी ते स्वीकारावे एवढीच तिची इच्छा होती. बाबांचीही होती, असे म्हणायला आधार आहे : फोनवर निरोप मिळताच त्यांनी गोदामात नोकरी सोडत असल्याचे सांगून टाकले होते.

घर दोन खोल्यांचे होते. बाबांनी आधी साबणाने हात धुतले, पुसले आणि मगच मला उचलले. त्यांच्याइतक्या आदराने मला कोणी हाताळले नव्हते. दुर्दैवाने त्यांनी मला उलटे केले.

"हे पाठीमागून कोरंच आहे गं."

"आजकाल तसंच असतं, बाबा."

मला टेबलावर पसरून बाबांनी सरकलेल्या पानावर अंगठा ठेवला आणि वीत टाकली. एक वीत, चार बोटे. तिथे तेच पान, तेवढेच सरकलेले. पुन्हा एक वीत, चार बोटे. पुन्हा तेच. पाठीवर, घेरावर, शिवणीच्या आत दडलेल्या पट्टीवरसुद्धा.

"माणूस चुकतो," ते म्हणाले. "पण असा मोजूनमापून नाही चुकत."

"तुम्ही चुकायचात," आतून आई म्हणाली. "दर महिन्याला. वाणसामानाच्या यादीत."

बाबा हसले नाहीत. त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली, फडक्यात बांधलेले ठसे एकेक करून पाहिले आणि त्यांतला एक, रंग न लावता, कोरडाच माझ्या पानावर टेकवला. ठशाच्या देठाशी लाकडाचा एक टवका उडालेला होता. माझ्या प्रत्येक पानाच्या देठाशी नेमकी तेवढीच फट होती.

"हा माझा ठसा आहे," ते म्हणाले. "नमुन्याच्या वहीतून उचललाय त्यांनी."

मुलीने ओठ चावला. "आणि चूक?"

"चूकही माझीच. त्या दिवशी हात हलला असेल, आता काही आठवत नाही. पण पुढच्याच ठशाला सावरलो असणार. इथं सावरायला कोणी नाहीच."

माझ्यासारख्या वस्त्राला लाज वाटते की नाही, याविषयी मी निश्चित विधान करू शकत नाही. मी फक्त टेबलावर पडून राहिलो.

"बसा की तरीही," आई शेवटी म्हणाली. "आठ वर्षं शिक्केच मारताय. निदान फुलं तरी माराल."

"पट्टी त्या लावतात, बाबा. तुम्ही नाही," मुलगी म्हणाली.

"बसतो," बाबा म्हणाले. "पण कोणी विचारलं की हा झगा तुम्ही छापला का, तर मी खरं सांगणार. चालेल का विचार त्यांना."

मालकीणबाईंना ते चालले. "सांगा हो काका, खुशाल सांगा. विचारतंय कोण!"

शनिवारी सकाळी दारापाशी टेबल मांडले गेले. बाबांनी रंगाच्या थाळ्या ठेवल्या, कापड ताणून बसवले आणि ठसा उचलला. पहिला तासभर ते इतके आनंदात होते की त्यांच्याकडे पाहवत नव्हते. मग एक बाई मला हातावर टाकून त्यांच्यासमोर आल्या.

"काका, हा तुम्हीच छापलाय ना?"

मुलगी काउंटरवर थबकली.

"नाही बाई," बाबा म्हणाले. "ठसा माझा, चूक माझी. छपाई यंत्राची."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी टाळी वाजवली. "अय्या, किती गोड बोलता हो तुम्ही! अगं ऐकलंस का? 'ठसा माझा, चूक माझी!' पुन्हा म्हणा ना, या माझ्या मैत्रिणीलाही ऐकू दे."

त्या मला विकत घेऊनच थांबल्या नाहीत. "काका, एक खरं फूल मारून द्या ना यावर. आठवण म्हणून."

बाबांनी नाही म्हटले नाही. माझ्या घेराशी थोडी मोकळी जागा होती, तिथे त्यांनी आधी फुलापानांच्या रेघेचा ठसा ठेवला आणि मुठीने हलकेच ठोकला. जन्मात पहिल्यांदा मला छापण्यासाठी कोणी हात लावला होता. मग हिरवा, मग नारिंगी. पाने रेघेत बसली, तिन्ही. रंग कापडात उतरत गेला आणि माझ्या पांढऱ्या पाठीवरही त्या फुलाची पुसट छाया उमटली. इतका वेळ मी लोकांना हसत आलो आहे. त्या मिनिटाभरापुरते मला हसायला काही सापडले नाही.

मी वाळत असताना मालकीणबाई लगबगीने आल्या. "काका, काय वाक्य टाकलंत हो! त्यांच्या मैत्रिणीनं दोन उचलले. आता येईल त्याला हेच सांगायचं हं, अगदी असंच, हसून. पुढच्या पट्टीवरच छापून घेते मी."

बाबांनी ठसा खाली ठेवला. थाळीवर झाकण घातले आणि ओल्या फडक्याने एकेक ठसा पुसायला घेतला.

"काय झालं काका? पगार कमी वाटतोय का?"

"नाही. खरं बोलून पाहिलं," ते म्हणाले. "तुम्ही तेही विकलंत."

त्यांनी फडके बांधले, मुलीकडे पाहून मान हलवली आणि निघून गेले. सोमवारी त्यांनी गोदामाच्या साहेबांची विनवणी करून फाटकावरची खुर्ची परत मिळवली, असे मुलीने पुढे माझ्यादेखत दुकानातल्या शिलाईवाल्या बाईंना सांगितले. सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता; ती फक्त एकच बटण तीनदा लावत होती.

माझ्या नव्या मालकिणीने मला दोनदा घातले. दुसऱ्या धुण्यात माझी फुले फिकी पडली, त्याची तिने तक्रार केली नाही; उन्हाळी कपड्यांचे असेच असते, अशी तिची समजूत होती. मात्र आठव्या दिवशी ती मला पिशवीत कोंबून दुकानात घेऊन आली.

"हे बघा. इथं घेराशी एकच फूल वेगळं दिसतंय. गडद. आणि याचं पान सरळ आहे, बाकी सगळ्यांचं सरकलेलं. मागूनही डाग आलाय. एवढे पैसे मोजायचे आणि डागी माल घ्यायचा का?"

"तुम्हीच मारून घेतलं होतंत ना ते, त्या काकांकडून?" मुलगी म्हणाली.

"हो, पण ते इतकं वेगळं दिसेल असं कुठं माहीत होतं मला!"

मालकीणबाईंनी वाद घातला नाही. गिऱ्हाइकाला दुसरा झगा दिला गेला, ज्यावर सगळी पाने शिस्तीत सरकलेली होती, आणि मला सदोष मालाच्या टोपलीत टाकण्याचा हुकूम झाला.

सध्या मी तिथेच आहे. माझ्यावर पट्टा तुटलेली चप्पल आणि चेन अडकलेली पिशवी आहे. माझी किंमत इतकी उतरली आहे की कदाचित प्रथमच ती योग्य असावी. वाचकहो, तुम्ही मला विकत घ्यावे असा माझा आग्रह नाही; पुढच्या वेळी एखाद्या कपड्याचे कौतुक करण्याआधी त्याला उलटून पाहावे, एवढेच मागणे.

टोपलीत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी लावावी लागते आणि तिच्यावर दोष काय तो लिहावा लागतो. चिठ्ठी लिहिण्याचे काम काउंटरवरच्या मुलीचे आहे. तिने पेन हातात घेऊन बराच वेळ विचार केला. माझ्या घेराशी असलेल्या त्या फुलावरून एकदा बोट फिरवले. मग कोणत्याही शाळेत पहिला नंबर येईल अशा सुवाच्य अक्षरात तिने लिहिले :

'दोष : एक फूल हाताने छापलेले आहे.'