काजाचा हप्ता

साल दोन हजार अकरा. त्या वर्षी कोट शिवणाऱ्या मावशींच्या कुत्र्याने एका बँडवाल्याच्या कोटाचं पितळी बटण गिळलं.

कुत्र्याचं नाव काजा. बटण दिसलं की कोटाच्या काजासारखं तोंड उघडायचा, म्हणून मावशींच्या यजमानांनीच हे नाव ठेवलेलं. ते घड्याळं दुरुस्त करत. दुकानाची एक बाजू त्यांची, एक मावशींची आणि मधल्या फळीखाली काजाचं बस्तान. बटण काढायला त्याचं पोट उघडावं लागलं आणि नव्या शिलाई यंत्रासाठी साठवलेले पैसे त्यात गेले.

"पुढच्या खेपेला मला विकायला काढशील," यजमान म्हणाले.

"तुम्हाला घेतंय कोण?" मावशी सुईत दोरा ओवत म्हणाल्या.

पण यजमान हसले नाहीत. "विमा उतरव त्याचा. नाही तर बेकरीवाल्याला दे. तिकडे अंगण आहे, बटणं नाहीत."

बेकरीवाला कधीचा टपूनच होता.

मावशींनी यंत्र चालवता चालवताच विमा कचेरीला फोन लावला. तिथल्या बाईंनी कुत्र्याचं वय विचारलं, मग जात विचारली.

"जात कसली? उरलेल्या तुकड्यांची गोधडी आहे," मावशी म्हणाल्या.

बाईंनी हप्ता सांगितला. आकडा ऐकून मावशींचा पाय यंत्रावरून खालीच आला.

"दर हप्त्याला एवढे?" यजमान म्हणाले. "म्हणजे आपण त्याला पाळायचं, की त्याने आपल्याला?"

रविवारी काजाला बेकरीवाल्याकडे पोचवायचं ठरलं. मावशींनी त्याला आंघोळ घातली, त्याच्या गादीला नवं अस्तर लावलं. साधं कापडही घासाघीस केल्याशिवाय न घेणारी ही बाई. कुत्रा असा मुकाट्याने कसा देईल? रविवार उजाडायच्या आधीच काजाला घेऊन त्या थेट कचेरीत गेल्या.

काचेमागे फोनवरच्याच विमावाल्या बाई होत्या, त्यांच्या कोटाची बाही उसवलेली होती. मावशींना आधी तीच दिसली.

"बाई, आठवड्याला एवढे तर आम्ही दोघं मिळून खात नाही. काहीतरी कमी करा."

"आठवड्याला? कोण म्हणालं?"

"तुम्हीच. हप्ता म्हणालात की."

"मावशी, हप्ता म्हणजे विम्याचा. वर्षातून एकदा भरायचा," बाई म्हणाल्या.

मावशींच्या दुकानात हप्ता म्हणजे आठवडाच. दोरेवाल्याचा हिशेब हप्त्याला, इस्त्रीवाल्याचे पैसे हप्त्याला. उधारीवर कधी काही घेतलंच नव्हतं, त्यामुळे दुसरा हप्ता त्या घराला ठाऊकच नव्हता. मावशी खुर्चीत टेकल्या आणि पदराआड हसत राहिल्या. डोळेही तिथेच पुसून घेतले.

मग त्यांनी एकेक गोष्ट नीट विचारून घेतली. कुत्र्याचं वय वाढेल तसा हप्ता चढणार. दर उपचाराचा पहिला थोडा खर्च आपल्या खिशातून, उरलेला कंपनीचा. आधीपासूनची दुखणी विम्यात धरत नाहीत.

"आणि बटण? ते आधीपासूनच गिळतो हो."

"ते दुखणं नाही, मावशी. तो अपघात. नवं बटण, नवा अपघात."

"मग उतरवा विमा. आणि तो कोट काढा इकडे. सुई-दोरा आहे माझ्या पिशवीत."

दुकानात यजमान डोळ्याला भिंग लावून बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मग? द्यायचं ठरलं ना?"

"ठरलं. हप्ता द्यायचं. वर्षातून एकदा."

सगळं ऐकून झाल्यावर यजमान बराच वेळ भिंग पुसत राहिले. वाफ धरली म्हणाले.

काजाने पुढे आणखी एक बटण गिळलं, हाडाचं. कंपनीने कुरकुर न करता पैसे दिले. म्हातारा होऊन तो फळीखालीच झोपेत गेला. बेकरीवाल्याने दुसरं पिल्लू आणलं. ते पावावरच खूश राहिलं. विमावाल्या बाई वरच्या जागेवर गेल्या, पण फोनवर अजूनही आधी "वर्षाचा" म्हणतात, मग "हप्ता". यजमान काजानंतर दोन वर्षांनी गेले. मावशींनी शिवणकाम बंद केलं आहे. बटणांची बरणी मात्र त्या अजून वरच्या फळीवरच ठेवतात, आणि खाली एखादं बटण पडल्याचा आवाज आला की आधी फळीखाली बघतात.