टेकूंची कमान

आमच्या चाळीला सुधारायचं मुन्शिपालटीने मनावर घेतलं होतं. आधी मोरीजवळ दुसरा नळ आला, मग जिन्यात दिवा, मग आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या. पोरं त्या वाळूत गोट्या पुरायची. मी एकेकाचा कान धरून बाहेर काढायला लावल्या. पहिल्या मजल्यावर जाईबाईचा शब्द चालतो, आणि जाईबाई म्हणजे मी.

एप्रिलात मुन्शिपालटीचा ओव्हरशेर बांधकाम तपासायला आला. आमची लाकडी गॅलरी रस्त्यावर येते. तिच्या तुळया त्याने सळईने टोचून बघितल्या, मान हलवली, आणि दुरुस्ती होईस्तो खाली जाड वाशांचे चार टेकू लावून दिले.

"आजी, गॅलरीत गर्दी करू नका."

"आजी असेल तुझ्या घरी," मी म्हटलं. "ही गॅलरी माझ्या सासऱ्याच्या वयाची. तुझ्या मोठ्या साहेबाच्या नोकरीपेक्षा जास्त टिकेल."

बायका हसल्या. मला बरं वाटलं.

मग पहिली मे आली. मुंबईसकट महाराष्ट्र मिळाला, मिरवणूक आमच्याच रस्त्याने जाणार होती. चाळीच्या मंडळाच्या लोकांनी ठरवलं, कमान उभारायची आणि तिच्यावर रामजीचं नाव लावायचं. रामजी म्हणजे माझ्या शेजारणीचा, रखमाचा, एकुलता एक. मुंबईसाठी मोर्च्यात गेला, गोळी लागली. तेव्हापासून रखमा गॅलरीत फारशी यायचीच नाही.

सकाळी मंडळाचा लवू घाम पुसत वर आला. "काकी, नावाचा बोर्ड जड आहे. बांबू वाकतायत. आज रविवार, वखार बंद. खांब आणू कुठून?"

"खाली चार उभे आहेत ना नुसते? मधले दोन काढ. मिरवणूक गेली की लाव परत."

"ते मुन्शिपालटीचे, काकी."

"आणि मुन्शिपालटी कोणाची? कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

लवूने काढले. गॅलरी हलली नाही की कुरकुरली नाही. मी म्हटलं, बघ.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या, मागच्या चाळीतल्या, सगळ्या बायकांना मीच बोलावलं. कुरमुऱ्यांचा चिवडा केला, फुलांच्या टोपल्या भरल्या. रखमाला हाताला धरून आणलं आणि अगदी मधोमध, कठड्याजवळ माझ्या स्टुलावर बसवलं. समोरच कमान. तिला वाचता येत नाही, मला दुसरीपुरती अक्षरं येतात. तिचं बोट धरून मी हवेत गिरवून दाखवलं. "हा रा. हा म. हा जी." मी सोडलं तरी तिचं बोट गिरवतच होतं.

लांबून ढोल ऐकू आले तशा बायका पुढे सरकल्या. ओवाळायचा नारळ मी खाली ठेवला. तो घरंगळत कठड्याकडे गेला. उचलून परत ठेवला. परत गेला.

लग्न होऊन आले तेव्हापासून ही जमीन मी धुते. पाणी कायम मोरीकडे जातं. रस्त्याकडे कधी गेलं नाही.

कुणाचंच लक्ष नव्हतं. वरच्या मजल्यावरची शकू सातव्या महिन्याचं पोट घेऊन कठड्याला टेकून उभी होती. खरं सांगायला हवं होतं. जीभ वळली ती सवयीच्या वाटेने.

"चला, उठा सगळ्या. खाली जाऊन बघा. माझी गॅलरी काय धर्मशाळा आहे?"

"सासूबाई, बोलावलंत तुम्हीच," माझी सून सुमती म्हणाली.

"मग हाकलते पण मीच. तू आधी शकूला घेऊन जा."

"म्हातारीला महाराष्ट्र चढला," कुणीतरी म्हणालं. नाकं मुरडत, पाय आपटत गेल्या. त्यांच्या प्रत्येक आपटण्याला माझा जीव खालीवर झाला. रखमा मात्र उठेना.

"मी एकटी म्हणजे काय गर्दी आहे गो जाई? खालून नाव दिसायचं नाही मला."

"उठ, रखमा. खालचे टेकू काढलेत."

"गेले कुठे?"

मी कमानीकडे बोट केलं.

तिने कमानीचे दोन्ही खांब बघितले. "कोणी सांगितलं काढायला?"

"मी."

"आणि मला इथे बसवलंस पण तूच."

मी हात पुढे केला. तिने धरला नाही. भिंतीला धरून एकटी गेली. खाली जाऊन तिने लवूला बोर्ड उतरवायला लावला.

"मावशी, मिरवणूक नाक्यावर आली," लवू म्हणाला.

"येऊ दे. माझ्या पोराचं नाव ह्या लाकडावर नको. आधी टेकू लाव."

पोरांनी कमान मोडली. वासे कमानीच्या झेंडूच्या माळांसकट जागेवर ठोकून बसवले तेव्हा गुलाल दिसायला लागला होता. सगळ्या गिरणगावात कमानी होत्या, आमच्या दारात नव्हती. रखमा बोर्ड छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. लोक तिच्या पाया पडून पुढे जात होते. मी तिच्या मागे उभी होते, नारळ हातात तसाच.

नंतर आठवड्याने ओव्हरशेर आला. खाली टेकूंवर थापा मारून वर आला.

"शाबास आजी. पलीकडच्या चाळीत लोकांनी टेकू जाळले चुलीत. तुमच्याकडे जागच्या जागी आहेत. पण मधल्या दोघांना झेंडूच्या माळा कशाला?"

रखमा दारात तांदूळ निवडत होती.

"मी बांधल्या," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "भार घेतात बिचारे. मग मान नको द्यायला?"

तो हसला आणि निघाला. रखमा सूप उचलून आत गेली. त्या दिवसापासून माझ्याशी ती एक शब्द बोलली नव्हती, आणि आता बोलली ती माझी अब्रू झाकायला. त्यापेक्षा चार बायकांत शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या.

ओव्हरशेर अर्धा जिना उतरला होता.

"साहेब," मी हाक मारली. "थांब जरा. त्या माळांचं खरं ऐकून जा."

माझ्या आवाजाने एकेक दार उघडलं. बायका बाहेर आल्या. मी त्यांना आत जा म्हटलं नाही.