उंदरांच्या खोलीबाहेरचं घड्याळ

मी एक घड्याळ बोलतोय, आणि आज जे सांगणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगन शहरातल्या एका संशोधनशाळेत, उंदरांच्या खोलीबाहेर, मी भिंतीवर होतो. वेळ दाखवणं हे माझं जोडकाम. खरं काम आतले दिवे लावायचं आणि मालवायचं. त्या उंदरांचा सूर्य उगवायचा तो माझ्यामुळे. थोडा गर्व होता मला, खोटं कशाला बोलू?

डॉक्टर हिंके यकृतावर संशोधन करायची. ती म्हणायची, यकृतालाही स्वतःचं घड्याळ असतं. माणूस वर्षानुवर्षं भलत्या वेळी जागला, भलत्या वेळी जेवला, की ते गोंधळतं आणि यकृत आजारी पडतं. म्हणून निम्म्या उंदरांना ती वेळेवर खायला घालायची, निम्म्यांना अवेळी. असं बारा आठवडे करायचं होतं, दिव्यांत एका मिनिटाचाही फरक न पडता.

तिला घाई होती. तिचा थोरला भाऊ डाउवे गावी बेकरी चालवायचा. तीस वर्षं तो रात्री दोनला उठून भट्टी लावत आला. आता त्याचं यकृत निकामी झालं होतं, पोटात पाणी भरत होतं. पण दुखण्यापेक्षा त्याला गावाची नजर जास्त बोचायची. यकृत गेलं म्हणजे गडी पीत असणार, असं सगळे धरूनच चालले होते. या माणसानं बिअरचा ग्लाससुद्धा कधी पुरा संपवला नव्हता.

"परवा पाद्रीबुवा आले होते," एकदा तो माझ्यासमोरच्या बाकावर बसून तिला म्हणाला. "मला म्हणतात, देव सगळ्यांना क्षमा करतो. अहो, कसली क्षमा? साखरपावाची?"

हिंके हसली नाही.

"अगं, हस की! आणि मला एक कागद दे. त्यावर लिही, याचं यकृत रात्रपाळीनं खाल्लं, दारूनं नाही. दुकानाच्या काचेवरच लावतो."

"ऑक्टोबरअखेर देते. थांबशील ना?"

"थांबतो, बाईसाहेब. तुमच्यासाठी थांबतो."

आमच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळा देश हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे घेतो. मला मात्र मागे घ्यायचं नसतं, कारण उंदरांना सरकारी वेळ कळत नाही. दरवर्षी हिंके आदल्या दिवशी माझ्यावर 'हात लावू नका' असा कागद चिकटवायची. त्या शनिवारी डाउवेच्या पोटातलं पाणी काढायचं होतं. ती त्याच्या उशाशीच बसून राहिली आणि कागद लावायचा राहून गेला.

रविवारी दुपारी तो तिच्यासोबत आला. ती खाणं द्यायला आत गेली. त्यानं आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "माझ्या दुखण्यापायी विसरली बिचारी," असं पुटपुटत तो भिंतीला धरून उठला. बोटं पिवळी पडली होती. त्यानं माझे काटे अगदी हलक्या हातानं फिरवले, पुरा एक तास मागे. मला ओरडता आलं असतं तर! त्या संध्याकाळी मी दिवे तासभर उशिरा मालवले.

सोमवारी हिंके आली. प्रयोग संपेपर्यंत ती मनगटावर जुनीच वेळ ठेवायची. तिनं मनगट माझ्याजवळ आणलं, पुन्हा आणलं, आणि खाली फरशीवर बसली. उंदरांच्या यकृतांची तपासणी गुरुवारी होती. अकरा आठवडे पाण्यात गेले. आता नवे उंदीर, नवे बारा आठवडे. आणि डाउवेजवळ तेवढे उरले नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. डाउवेचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"काय गं, पोचलीस? तुझं ते भिंतीवरचं घड्याळ काल मी नीट लावलं हं. एवढी शिकलीस, आणि घड्याळ मागे घ्यायची आठवण भावानं ठेवायची?"

ती फरशीवरून उठली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "माझ्या ध्यानातच नव्हतं."

गुरुवारी त्याच बाकावर बसून तिनं कागद लिहिला. त्याला हवं होतं तेच वाक्य, खाली डॉक्टर म्हणून सही. सही करताना ती हुंदके देऊन रडली. डाउवेनं कागद काचेवर लावला आणि नोव्हेंबरात तो गेला. आमचा देखभालीचा माणूस हार्म दफनाला जाऊन आला. तो सांगत होता, लोक दुकानाच्या काचेसमोर थांबून वाचत होते, आणि एकानं आदरानं टोपी काढली.

हिंकेनं प्रयोग पहिल्यापासून पुन्हा केला. निष्कर्ष अर्धामुर्धा आला. अवेळी खाणाऱ्या उंदरांपैकी काहींचीच यकृतं बिघडली. तिनं प्रामाणिकपणे तेवढंच छापलं.

आता दिवे संगणक लावतो. मी कपाटातल्या खोक्यात पडून आहे. परवा हिंके कपाटाशी उभी राहून हार्मला सांगत होती, काचेवरचा तो खोटा कागद काढायला ती तीनदा गावी गेली. तिन्ही वेळा दुकानाच्या नव्या मालकाकडून पाव घेऊन परत आली.

तुम्ही कधी त्या दुकानावरून गेलात, तर एवढं करा. कागद वाचा, पाव घ्या, आणि कुणाला काही विचारू नका.