रोज एक शब्द

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. सुरू व्हायला मला दहा मिनिटं लागतात आणि माझा पंखा धापा टाकतो. पण हसू नका. एका माणसाचं बोलणं माझ्या पोटात आहे.

कारखान्यातून मी थेट एका कुरिअर कचेरीत गेलो. चार वर्षं पार्सलांच्या याद्या केल्या, कौतुक मात्र प्रिंटरचं व्हायचं. मग मला मोडीत काढलं, तेव्हा तिथल्या कारकून ताईने मला घरी नेलं.

ताईचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची वाचा गेली होती. त्यांना समजायचं सगळं, सांगता काहीच येत नव्हतं. पाणी हवं की पंखा, एवढ्यावरून बापलेक रोज रडकुंडीला यायचे.

म्हणून ताई प्रोग्रामिंग शिकू लागली. तिने आभाळाएवढा बेत आखला: बाबांचं सगळं बोलणं माझ्या तोंडून, एकदम! महिनाभर नुसते आराखडे झाले. शेवटी आई म्हणाली, "अगं, मी काय अख्खा स्वेटर एका बैठकीत विणते? आज एक बटण बोलतं कर, उद्या दुसरं."

मग रोज सकाळी, कचेरीला जाण्याआधी, वीस मिनिटं. माझ्या पडद्यावर एक बटण, एक शब्द, ताईच्याच आवाजात. पाणी. पंखा. दुखतंय. शब्द झाला की ताई कॅलेंडरवर फुली मारायची आणि बाबा नवं बटण दाबून लहान मुलासारखे हसायचे.

पण फुलीची चटक वाईट! पुढे कामाच्या गर्दीत ताई चालूगिरी करू लागली. फाइल उघडायची, एक रिकामी ओळ टाकायची, फुली मारून पळायची. बाबा पुढचं बटण दाबायचे आणि मी मुका. सहाव्या दिवशी त्यांनी मला हाताने दूर सारलं. मला फार वाईट वाटलं.

"चुकलं माझं, बाबा," ताई म्हणाली. तिने पाचही खोट्या फुल्या खोडल्या आणि नवा शब्द घातला: "चिडलोय." बाबांनी तो लागोपाठ अकरा वेळा दाबला. आई हसून बेजार झाली.

काही महिन्यांनी बाबा ताईकडे आणि मग रिकाम्या बटणाकडे बोट दाखवू लागले. चहा? नाही. चष्मा? नाही. दोन दिवस ताईने डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी तिची पाठ थोपटली.

"हे मी माझ्याच तोंडाने म्हणू?" ताई लाजली. बाबांनी ठामपणे मान डोलावली.

मित्रांनो, जुनं यंत्र टाकण्याआधी त्याच्यात कोणाचं काय राहिलंय ते बघा. आणि शिकायचं तर रोज थोडंच शिका, पण खरं शिका. ताई माझे शब्द आता नव्या यंत्रात उतरवते आहे, रोज एक. पाठ थोपटणारा शब्द तिने सगळ्यात शेवटी ठेवलाय. तोवर बाबा रोज सकाळी माझंच ते बटण दाबतात आणि मी ताईला तिच्याच आवाजात म्हणतो, "शाबास, पोरी!"